हवा आणि हवामान

मुलांनो, सकाळी शाळेला निघताना तुम्ही आकाशाकडे पाहता ना? आकाश निरभ्र असेल तर तुम्ही तसेच निघता. ढग दाटून आले असतील तर आई म्हणते, "छत्री घेऊन जा." गार वारा झोंबत असेल तर आजी स्वेटर काढून देते. घराबाहेर पडण्यापूर्वी आजची हवा कशी आहे, हे प्रत्येक जण पाहतो.

आता दुसरी गोष्ट पाहा. हा स्वेटर जानेवारीत कोणीच घालत नाही. तेव्हा तर घामाच्या धारा लागलेल्या असतात. तरीही आजी तो नीट घडी घालून कपाटात ठेवते. का बरे? कारण जुलै महिना आला की थंडी पडणार, हे तिला ठाऊक असते. हे तिला एका दिवसाचे आकाश पाहून कळलेले नाही. अनेक वर्षे अनुभव घेतल्यावर कळले आहे.

छत्री घ्यायची की नाही, हे आजच्या हवेवरून ठरते. घरात स्वेटर असावा की नाही, हे आपल्या देशाच्या हवामानावरून ठरते. हवा आणि हवामान हे दोन शब्द सारखे वाटतात, पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत. हा फरक आज आपण समजून घेऊ.

हवा म्हणजे काय?

आपण श्वास घेतो तीही हवाच. पण "आज हवा कशी आहे?" असे आपण विचारतो, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ वेगळा असतो. एखाद्या ठिकाणी, एखाद्या वेळी वातावरणाची जी स्थिती असते, तिला त्या ठिकाणची हवा म्हणतात. ऊन आहे की ढग? गरम होते की गार वाटते? पाऊस पडतो आहे का? वारा कोणत्या दिशेने आणि किती जोराने वाहतो आहे? हवेत बाष्प किती आहे? या प्रश्नांची उत्तरे दिली की त्या वेळची हवा कळते.

हवा लवकर बदलते. सकाळी लख्ख ऊन असते, तर दुपारी सरी कोसळतात. संध्याकाळी पुन्हा आकाश मोकळे होते. शिवाय ती जागेप्रमाणेही बदलते. पोर्ट लुईत बसमध्ये चढताना तुम्हांला घाम येत असतो. बस चढणीच्या रस्त्याने वर जाऊ लागते. क्यूरपीपला उतरता, तो तिथे धुके आणि पावसाची भुरभुर! एवढ्याशा प्रवासात हवा पार बदलून जाते.

रेडिओवर आणि वर्तमानपत्रात "आजचे हवामान" किंवा "हवामानाचा अंदाज" असे शब्द येतात. आपणही बोलताना तसेच म्हणतो. तिथे एक-दोन दिवसांच्या हवेचीच माहिती दिलेली असते. बोलण्यात हे चालते. पण विज्ञानाच्या आणि भूगोलाच्या अभ्यासात मात्र हे दोन शब्द वेगळे ठेवावे लागतात.

हवामान म्हणजे काय?

एखाद्या प्रदेशात अनेक वर्षे रोजच्या हवेच्या नोंदी करतात. त्या सर्व नोंदींवरून तिथल्या हवेचे जे नेहमीचे रूप दिसते, त्याला त्या प्रदेशाचे हवामान म्हणतात. त्यासाठी सामान्यपणे तीस वर्षांच्या नोंदी विचारात घेतात.

तीस वर्षे कशाला हवीत, असे तुम्हांला वाटेल. त्याचे कारण सोपे आहे. एखाद्या वर्षी फार पाऊस पडतो. एखादे वर्ष कोरडे जाते. एकच वर्ष पाहिले तर आपली फसगत होईल. पुष्कळ वर्षे एकत्र पाहिली म्हणजे नेहमीचे कोणते आणि क्वचित घडणारे कोणते, हे ओळखता येते.

या नोंदींची सरासरी काढतात. समजा, तुमच्या वर्गाने पाच दिवस दुपारी बारा वाजता तापमान मोजले. ते अनुक्रमे २८, ३०, २९, २७ आणि ३१ अंश सेल्सिअस भरले. या पाच आकड्यांची बेरीज १४५ होते. तिला पाचाने भागले की २९ येतात. म्हणजे त्या पाच दिवसांचे दुपारचे सरासरी तापमान २९ अंश झाले. तीस वर्षांची सरासरी अशीच काढतात. फक्त आकडे हजारो असतात.

पण नुसत्या सरासरीने हवामान पूर्ण कळत नाही. पाऊस कोणत्या महिन्यांत पडतो? वारा बहुधा कोणत्या दिशेने येतो? जास्तीत जास्त उष्णता आणि थंडी किती असते? चक्रीवादळे कधी येतात? हे सारे हवामानाच्या माहितीत येते.

आपल्या बेटाचे हवामान

मॉरिशस हे हिंदी महासागरातील लहानसे बेट आहे. ते विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. आपल्याकडे मुख्य ऋतू दोनच. नोव्हेंबर ते एप्रिल हा उन्हाळा. तो उष्ण आणि दमट असतो. जून ते सप्टेंबर हा हिवाळा. तो थंड आणि त्या मानाने कोरडा असतो. मे आणि ऑक्टोबर हे मधले महिने. त्या काळात एक ऋतू सरतो आणि दुसरा सुरू होतो.

उन्हाळ्यातील सरासरी तापमान सुमारे २५ अंश सेल्सिअस असते, तर हिवाळ्यातील सुमारे २० अंश. म्हणजे दोन ऋतूंत फार मोठा फरक नसतो. आपल्या सभोवती समुद्र आहे. समुद्र हळूहळू तापतो आणि हळूहळू थंड होतो. त्यामुळे बेटावर कडाक्याची थंडी पडत नाही आणि भाजून काढणारी उष्णताही होत नाही. सर्वांत जास्त पाऊस फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत पडतो. ऑक्टोबर हा सर्वांत कोरडा महिना असतो.

आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज कोकणातून या बेटावर आले. कोकणात पाऊस कधी पडतो, ठाऊक आहे? जून ते सप्टेंबर. म्हणजे आपण जुलैत स्वेटर घालून बसतो, तेव्हा रत्नागिरीची मुले छत्र्या घेऊन शाळेत जातात. आणि आपल्याकडे जानेवारीत उकडत असते, तेव्हा तिथे हिवाळा असतो. गणेशचतुर्थी तिथे भर पावसाळ्यात येते, तर आपल्याकडे हिवाळ्याच्या अखेरीस. सण तोच, पण हवामान किती वेगळे!

लहान बेट, वेगवेगळी हवामाने

पोर्ट लुई आणि क्यूरपीप यांची गोष्ट आपण वर पाहिली. तिथली हवा अशी का बदलते? हे एखाद्या दिवशीच घडते असे नाही. वर्षानुवर्षे असेच चालत आले आहे. म्हणजे हा फरक हवामानाचा आहे.

आपल्या बेटावर वर्षातील बराच काळ आग्नेय दिशेकडून वारे वाहतात. त्यांना व्यापारी वारे म्हणतात. समुद्रावरून येताना ते पुष्कळ बाष्प बरोबर आणतात. बेटाच्या मध्यभागी उंच पठार आहे. वारे त्या पठाराला अडतात आणि वर चढतात. वर गेल्यावर ते थंड होतात. बाष्पाचे ढग बनतात आणि पाऊस पडतो. म्हणून पठारावर वर्षाला सुमारे ४००० मिलिमीटर पाऊस पडतो.

पुढे हेच वारे पठार ओलांडून पश्चिमेकडे खाली उतरतात. तोपर्यंत त्यांच्यातील बरेच बाष्प संपलेले असते. खाली उतरताना ते पुन्हा तापतात. ढग विरून जातात. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर काही ठिकाणी वर्षाला १००० मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस पडतो. पोर्ट लुई पश्चिमेकडे आहे. आता कळले ना, क्यूरपीप चिंब भिजत असताना पोर्ट लुई कोरडे का असते?

महाराष्ट्रातही असेच घडते. तिथे पावसाळ्यात वारे नैऋत्येकडून येतात. सह्याद्री पर्वत त्यांना अडवतो. मग कोकणात धो धो पाऊस पडतो आणि सह्याद्रीच्या पलीकडच्या पठारावर तो पुष्कळच कमी पडतो. देश वेगळा, वाऱ्याची दिशा वेगळी, पण कारण एकच.

रोजच्या नोंदींचे मोल

हवामानाची माहिती एका दिवसात मिळत नाही. कोणीतरी रोज, न चुकता नोंद करावी लागते. आपल्या बेटाला अशा कामाची जुनी परंपरा आहे.

चार्ल्स मेल्ड्रम नावाचे एक शिक्षक १८४८ साली मॉरिशसला आले. ते रॉयल कॉलेजात गणित शिकवत. त्या काळी हिंदी महासागरातून जाणारी पुष्कळ जहाजे पोर्ट लुईच्या बंदरात थांबत. प्रत्येक जहाजावर एक नोंदवही असे. वारा कोणत्या दिशेचा होता, समुद्र कसा होता, वादळ कोठे भेटले, हे खलाशी त्या वहीत लिहून ठेवत. मेल्ड्रम यांनी अशा वह्यांतील माहिती गोळा केली. निरनिराळ्या जहाजांच्या नोंदी त्यांनी एकमेकींशी जुळवून पाहिल्या. त्यावरून चक्रीवादळांचा अभ्यास केला. १८५१ साली त्यांनी येथे हवामानाचा अभ्यास करणारी संस्था स्थापन केली. पुढे पाम्प्लेमूस येथे वेधशाळा उभी राहिली. मेल्ड्रम तिचे प्रमुख होते.

एका जहाजाच्या एका दिवसाच्या नोंदीतून फारसे काही कळले नसते. पण शेकडो नोंदी एकत्र आल्या, तेव्हा वादळे कशी फिरतात आणि कोणत्या मार्गाने जातात, हे हळूहळू उमगू लागले. आज हवेच्या नोंदी ठेवण्याचे काम आपल्या देशाचे हवामान खाते करते. त्याचे मुख्य कार्यालय वाक्वा येथे आहे. आता उपग्रह आणि संगणक यांची मदत मिळते. तरी रोज मोजायचे आणि लिहून ठेवायचे, हे मूळ काम तेच आहे.

हवामान ओळखून वागणे

शेतकरी हवामान पाहून पीक निवडतो. आपल्या बेटावर ऊस चांगला येतो. उन्हाळ्यातील ऊन आणि पाऊस यांमुळे तो भराभर वाढतो. पुढे थंड आणि कोरडे दिवस आले की त्यात साखर भरते. म्हणून तोडणी साधारणपणे जूनमध्ये सुरू होते आणि वर्षाच्या अखेरीपर्यंत चालते. ऊस वाऱ्यात वाकतो, पण बहुधा पुन्हा उभा राहतो. वादळांच्या देशात हा गुण मोठा मोलाचा आहे.

पिण्याच्या पाण्याचेही तसेच. उन्हाळ्यातील पावसाने मार-ओ-वाक्वा हा आपला सर्वांत मोठा जलाशय भरतो. पुढे कोरड्या महिन्यांत ते पाणी पुरवून वापरावे लागते. म्हणून मार्चमध्ये जलाशय भरलेला दिसला, तरी ऑक्टोबरची आठवण ठेवावी लागते.

आता घरांकडे पाहा. १९६० साली जानेवारीत अ‍ॅलिक्स नावाचे चक्रीवादळ आले. फेब्रुवारीच्या अखेरीस कॅरोल आले. ते फारच भयंकर होते. त्याच्या वाऱ्याचे झोत ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाचे होते. त्या काळी बेटावर गवताची, लाकडाची आणि पत्र्याची घरे पुष्कळ होती. हजारो घरे उडून गेली. हजारो कुटुंबे उघड्यावर आली. चक्रीवादळ हे एका वेळचे संकट नाही, ते आपल्या हवामानाचाच भाग आहे, हे लोकांना नीट कळून चुकले. त्यानंतर सिमेंट-काँक्रीटची पक्की घरे बांधण्याकडे लोक वळले. आज आपल्या गावांत सपाट छपरांची काँक्रीटची घरे इतकी का दिसतात, याचे एक मोठे कारण हे आहे. तुमच्या आजी-आजोबांना विचारा. कॅरोल वादळाच्या आठवणी त्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या असतील.

हवेला विसरू नका

हवामान ठाऊक असले म्हणजे सर्व कळले, असे मात्र समजू नका. पोर्ट लुईचे हवामान कोरडे आहे, हे आपण पाहिले. पण ३० मार्च २०१३ रोजी तिथे थोड्याच वेळात प्रचंड पाऊस कोसळला. रस्त्यांच्या नद्या झाल्या. त्या पुरात अकरा माणसांचा जीव गेला. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल नावाचे चक्रीवादळ बेटाजवळून गेले, तेव्हाही पोर्ट लुईच्या रस्त्यांवर पाणी भरले आणि मोटारी वाहून गेल्या. कोरड्या हवामानाच्या जागीही एखाद्या दिवशी भयंकर पाऊस पडू शकतो. म्हणून "आमच्याकडे असे कधी होत नाही" असे म्हणून इशाऱ्याकडे दुर्लक्ष करू नये.

चक्रीवादळ जवळ येऊ लागले की हवामान खाते इशारे देते. धोका जसजसा वाढतो, तसतसा इशाऱ्याचा क्रमांकही वाढतो. पहिला, दुसरा, तिसरा आणि चौथा असे हे इशारे असतात. वादळाच्या मधल्या भागाला डोळा म्हणतात. डोळा आपल्यावर आला की वारा एकदम थांबतो. वादळ संपले असे वाटते. पण थोड्या वेळाने उलट दिशेने पुन्हा जोराचा वारा सुटतो. म्हणून वादळ संपले असे अधिकृतपणे सांगितले जाईपर्यंत घराबाहेर पाऊल टाकू नये. वाहत्या पाण्यातून तर कधीच चालू नये.

हवामान बदलते का?

हवा घटकेत बदलते. हवामान बदलायला पुष्कळ वर्षे लागतात. म्हणून एखादा दिवस फार गरम झाला, तर "हवामान बदलले" असे म्हणता येत नाही. तसेच जुलैत एका रात्री कडक थंडी पडली, तर "पृथ्वी तापत नाही" असेही म्हणता येत नाही. एक दिवस म्हणजे हवा.

पण अनेक वर्षांच्या नोंदी तपासून शास्त्रज्ञांनी एक गोष्ट ताडली आहे. पृथ्वीचे सरासरी तापमान वाढत आहे. मॉरिशसचेही वाढले आहे. कोळसा आणि तेल जाळल्यामुळे वातावरणात कार्बन डायऑक्साइड वायू साठतो. तो उष्णता अडवून धरतो. समुद्राचे पाणी तापते आणि त्याची पातळी वर चढते. आपल्या किनाऱ्याभोवतीची प्रवाळे गरम पाण्यात पांढरी पडतात. मोठ्या लाटांपासून ही प्रवाळेच आपल्या किनाऱ्याचे रक्षण करतात. म्हणून ही काळजीची गोष्ट आहे. ती आपल्याला कळली कशामुळे? वर्षानुवर्षे धीराने ठेवलेल्या नोंदींमुळे.

तेव्हा मुलांनो, हवा आणि हवामान दोन्ही ओळखायला शिका. आज काय करावे, हे हवा सांगते. घर कसे बांधावे, पीक कोणते घ्यावे, पाणी कसे जपावे, हे हवामान सांगते. आणि हवामानाचे मोठे पुस्तक रोजच्या हवेच्या छोट्या छोट्या नोंदींनीच लिहिले जाते. त्यातले एक पान तुम्हीही लिहू शकता.

शब्दार्थ

निरभ्र – ढग नसलेले
बाष्प – पाण्याची वाफ
दमट – ओलसर
सरासरी – बेरजेला संख्येने भागून येणारा आकडा
आग्नेय – पूर्व आणि दक्षिण यांच्या मधली दिशा
नैऋत्य – दक्षिण आणि पश्चिम यांच्या मधली दिशा
वेधशाळा – आकाश आणि हवा यांचे निरीक्षण करण्याची जागा
जलाशय – पाण्याचा मोठा साठा
प्रवाळ – समुद्रातील पोवळे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हवा कशाला म्हणतात?
(आ) मॉरिशसमध्ये सर्वांत कोरडा महिना कोणता?
(इ) चार्ल्स मेल्ड्रम यांनी कोणत्या वह्यांतून माहिती गोळा केली?

२. कारणे सांगा.
(अ) पठारावर पाऊस जास्त पडतो.
(आ) १९६० नंतर लोक काँक्रीटची घरे बांधू लागले.
(इ) वादळाचा डोळा आल्यावर घराबाहेर पडू नये.

३. पुढील वाक्ये हवेबद्दल आहेत की हवामानाबद्दल, ते लिहा.
(अ) आज दुपारी क्यूरपीपला धुके होते.
(आ) कोकणात जून ते सप्टेंबर पाऊस पडतो.
(इ) काल रात्री जोराचा वारा सुटला.
(ई) मॉरिशसचा उन्हाळा दमट असतो.

४. उपक्रम
सरळ कडांची एक रिकामी बरणी घ्या. ती घरापासून आणि झाडांपासून दूर, उघड्यावर ठेवा. ती कलंडू नये म्हणून भोवती दगड लावा. रोज सकाळी एकाच वेळी बरणीत साठलेले पाणी पट्टीने मोजा आणि वहीत लिहा. मग बरणी रिकामी करून पुन्हा ठेवा. वादळाचा इशारा असेल तेव्हा मात्र बरणी घरात आणा. एका महिन्याने एकूण पाऊस किती झाला ते काढा. दुसऱ्या गावी राहणाऱ्या मित्राच्या किंवा नातेवाइकाच्या नोंदीशी तुमची नोंद ताडून पाहा.